सालम पलगे या इसमाबाबत

जबाब, दि. १२ जानेवारी १९८६, रविवार.

मी, महानंदा चंद्रप्पा हालगे, वय २४ वर्षे, शिक्षण बी.एस्सी. कृषी, धंदा नोकरी (माती तपासणी, तंत्र सहायक), राहणार लातूर, गंजगोलाईच्या मागे भाड्याच्या खोलीत, स्वतः ठाण्यात येऊन सांगते की,

मी औसा रस्त्यावरच्या भाजीपाला चाचणी केंद्रात काम करते. केंद्रात बोअरच्या पाण्यावर भाज्यांचे वाफे आहेत. कोणती जात कमी पाण्यात तग धरते ते पाहणे हे केंद्राचे काम आहे. मातीची तपासणी करणे आणि तोडणीची वजने घेणे हे माझे काम आहे. अधीक्षक श्री. केळुसकर हे मालवणकडचे असून दिवाळीनंतर बदलून येथे आले. त्यांनी शुक्रवारी केंद्रातील भाजीच्या चोरीची फिर्याद दिली. ती मला आज येथे वाचायला मिळाली. फिर्यादीतील घटना घडली तेव्हा मी तेथे हजर होते. फिर्यादीत माझे नाव नाही.

या गुन्ह्यात काल संध्याकाळी धरून आणलेला तय्यब हा भाजीचा हातगाडा चालवतो. तो रोज आमच्या गल्लीत येतो. दारात आला की भाजीचे नाव घेण्याआधी तो "सलाम भाभी, सलाम काका" असे म्हणतो. म्हणून गल्लीतले लोक त्याला सलाम म्हणतात. ते त्याचे नाव नाही. आज सकाळी त्याची बायको हाजराबी माझ्याकडे आली. ती म्हणाली, "बाई, पुलिसवाले बोलरे इसका नाव पलगे है. हमारे खानदान में कोन बी पलगे नै. तुम पढेली है, जरा चलके बोलो." तिने असेही सांगितले की, आज दुपारनंतर तय्यबला न्यायाधीशांपुढे नेणार आहेत. उद्या भोगी आहे. भोगीच्या भाजीला घरोघर गाजर, वांगे, घेवडा, पात असे सगळे लागते. तेवढ्यासाठी त्याने बिदरहून माल आणला. तो भरलेला गाडा ठाण्याच्या आवारात उभा आहे. भाजीला उद्यानंतर गिऱ्हाईक नाही व ऊन थांबत नाही. म्हणून मी लगेच आले.

बाजाराची परिस्थिती विचारल्यावरून सांगते की, यंदा पाऊस नाही. ज्यांच्या विहिरीला पाणी होते त्यांची भाजी उभी होती. ती डिसेंबरातल्या गारांनी झोडपली. तेव्हापासून आमच्या गल्लीत चार घरे मिळून एक फ्लॉवर घेतात. त्याचे चार भाग करण्याचे काम माझ्याकडे आहे, कारण मी शिकलेली आहे आणि गल्लीत माझे कोणी नातेवाईक नाहीत. देठ कोणाच्या वाट्याला जाणार यावरून दोन घरांचे बोलणे बंद आहे. आमटीत टोमॅटोच्या जागी चिंच आली आहे. कोथिंबीर फक्त पाहुण्यांच्या वाटीत दिसते. गेल्या आठवड्यात शेजारच्या शिवम्माकाकू तय्यबला म्हणाल्या, "अरे सलाम, गोबी हाय का सोनं? डबीत घालून आण की उद्यापासनं." तो म्हणाला, "डबी न्हाई परवडत काकू, कापूस तेवढा लावून आणतो. अन् दाबून बघू नगा, दाबली की तुमची झाली." त्यांनी दाबली नाही. अर्धी घेतली. हे सांगण्याचे कारण असे की, अशा दिवसांत भाजीची चोरी झाली म्हटले की ऐकणाऱ्याला ते लगेच पटते.

शुक्रवारी मार्गशीर्षातली अमावस्या, म्हणजे येळवस होती. या भागातले लोक त्या दिवशी गावात थांबत नाहीत. शेतात जाऊन पूजा करतात व तेथेच जेवतात. वाटेने चाललेल्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवतात. हाक न मारणे वाईट समजले जाते. या दिवसाची स्थानिक सुट्टी असते. परंतु जिल्हा नवा असल्याने आमचे केंद्र अजून काही कागदांसाठी उस्मानाबादेकडे व काही कागदांसाठी लातूरकडे पाहते. सुट्टीचा कागद यंदा दोन्हीकडून आला नाही. "कागद नाही म्हणजे सुट्टी नाही," असे श्री. केळुसकर यांनी सांगितले आणि ते एका बैठकीसाठी लातूरला गेले. बैठकीला इतर कोणीच आले नव्हते असे नंतर समजले. ते सगळे आपापल्या शेतात होते.

केंद्रात रोजंदारीवरच्या बाया कामावर होत्या. त्यांतील धोंडाबाई ही जवळच्या वाडीची आहे आणि शरणम्मा निलंग्याकडची, घरी कानडी बोलणारी आहे. धोंडाबाईने मला विचारले, "बाई, येळवस हिरव्यात करत्यात. आमच्या रानात नुसती ढेकळं हाईत. ढेकळाची भज्जी करू का आता?" भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. हिरव्या हरभऱ्यापासून कांद्याच्या पातीपर्यंत मिळतील त्या सगळ्या भाज्या एकत्र शिजवून, डाळीचे पीठ लावून ती करतात. पाच मैलांच्या परिसरात हिरवे काही असेल तर ते आमचे वाफे होते. त्या दिवशी काही वाफ्यांची तोडणी ठरलेलीच होती. बायांनी तोडणी केली, मी वजने घेतली आणि त्यानंतर ती भाजी मी त्यांना शिजवायला दिली. परवानगी कोणी दिली असे विचारल्यास, मी दिली. त्या बायांनी मागितली, घेतली नाही. यात त्यांची रोजी जाऊ नये.

त्याच वेळी तय्यब ज्यातून माल घेऊन येत होता तो टेम्पो आमच्या फाटकासमोर बंद पडला व चालक मिस्त्री आणायला गेला. धोंडाबाईने तय्यबला हाक मारली. तो म्हणाला, "मावशे, माझीच इकाया चाललोय, तुमची कवा खाऊ?" ती म्हणाली, "ये गुमान. आज भाव सांगायचा न्हाई का इचारायचा न्हाई." तो आला. येताना त्याने आपल्या टोपलीतली गाजरे आणून भज्जीच्या पातेल्यात टाकली. म्हणजे भाजीची ने-आण झाली असेल तर ती बाहेरून आत झाली आहे, आतून बाहेर नाही.

मी जेवले का, असे विचारल्यावरून सांगते की, जेवले. भज्जी दोन वेळा घेतली.

आता फिर्यादीतील मुद्द्यांबाबत सांगते. फिर्यादीत असे लिहिले आहे की, आरोपींनी हल्ल्याच्या तयारीने पाच दगड जमा करून ते कडब्याच्या आडोशात लपवून ठेवले होते. ते दगड हल्ल्यासाठी नव्हते. येळवशीला पाच दगड चुन्याने रंगवून कडब्याच्या कोपीत मांडतात, त्यांवर शाल घालतात व पाच पांडव म्हणून त्यांची पूजा करतात. दगडांवर चुना व हळद-कुंकू आहे. हे पाचही जण सध्या या ठाण्याच्या मुद्देमालाच्या खोलीत जमा आहेत. हवालदार श्री. लिंबाजी त्या खोलीत जाताना पायताण बाहेर काढतात, हे मी आज दोनदा पाहिले.

फिर्यादीत मातीच्या भांड्यातील आंबट वासाच्या मादक द्रवाचा उल्लेख आहे. ती आंबील आहे. ज्वारीचे पीठ, ताक, लसूण व मीठ यांपासून ती करतात. तिने झोप येते, नशा येत नाही. तपासणीसाठी ती प्रयोगशाळेत पाठवायची असल्यास आमच्या प्रयोगशाळेत पाठवू नये, कारण आता ती फारच आंबली असेल.

फिर्यादीत असेही आहे की, एका स्त्रीने हत्यार उगारून अधीक्षकांना हातवारे करून धमकावले. ती स्त्री शरणम्मा. तिच्या हातात विळा होता, कारण ती पात चिरत होती. बैठकीहून परतलेले श्री. केळुसकर फाटकाशी दिसल्यावर ती त्याच हाताने त्यांना बोलवीत होती. ती म्हणत होती, "सायेब, बरी, बरी, ऊट माडरी." हे कानडी आहे. या, या, जेवण करा, असा त्याचा अर्थ आहे. धोंडाबाईनेही "या की जेवाया!" अशी हाक मारली. श्री. केळुसकर मागे वळले आणि वेगाने निघून गेले. शरणम्मा मला म्हणाली, "सायेब लाजले."

तोडणी आणि वजन झाल्यावर एरवी भाजी कोठे जाते, असे उपनिरीक्षक श्री. भोयर यांनी विचारले. त्यावरून सांगते की, ती अधीक्षकांच्या निवासस्थानी जाते. तसा लेखी आदेश आहे का, हे मला माहीत नाही. मी विचारलेले नाही. शुक्रवारी ती तेथे गेली नाही. श्री. केळुसकर यांच्याविरुद्ध मला काही सांगायचे नाही. बाजारातले भाव त्यांनाही लागू आहेत आणि त्यांच्या भागातला भाजीपाला येथे मिळत नाही. ते एकदा मला म्हणाले होते की, येथे आल्यापासून आपण नुसते बेसन खात आहोत. तेव्हा मला त्यांची कीव आली होती.

तय्यबच्या गाड्यावर सापडलेली मेथी व पात केंद्रातून चोरलेली आहे, असे पंचनाम्यात आहे. मी आज ठाण्याच्या आवारात पंचांसमोर गाड्यावरील जुड्या पाहिल्या. मेथीच्या मुळांना तांबडी माती आहे. आमचे केंद्र काळ्या मातीवर आहे. आमच्या वाफ्यांत तांबडी माती कोठेही नाही, हे माझ्या रोजच्या कामावरून मी खात्रीने सांगते. तशी माती बिदरकडे असते. याशिवाय आमच्या वाफ्यांतील मेथी चाचणीच्या कमी पाण्यामुळे बोटभरही झालेली नाही. गाड्यावरची चांगली वीतभर आहे. आमची मेथी एवढी झाली असती तर मला बढती मिळाली असती. पंचनाम्यातल्यापेक्षा गाड्यावर कोथिंबीर कमी दिसली. त्याबाबत आवारातील बकरीचे नाव सांगण्यात आले. आज दुपारी ठाण्यात आलेल्या जेवणाच्या डब्यांतील एका डब्याला कोथिंबिरीचा वास होता. बकरीबाबत मला अधिक माहिती नाही.

आता आरोपींच्या नावांबाबत. फिर्यादीत आरोपी क्रमांक एक म्हणून ओलगे व क्रमांक दोन म्हणून सालम पलगे अशी नावे आहेत. श्री. केळुसकर यांनी फाटकाशी उभे असताना आरोपी एकमेकांना मोठमोठ्याने याच नावांनी हाका मारताना ऐकले, असे त्यांचे म्हणणे आहे. क्रमांक दोन सापडला, क्रमांक एक फरार आहे, असेही लिहिलेले आहे. श्री. भोयर हे नागपूरकडचे आहेत. त्यांनी मला विचारले, "मॅडम, हा पलगे कोन होय? तुम्ही हालगे, तो पलगे. तुमच्या घरचा त नाही ना?" मी सांगितले की, आमच्याकडे हालगे, शेळगे, उटगे अशी आडनावे पुष्कळ आहेत. पलगे असे आडनाव मी ऐकलेले नाही. ते म्हणाले, "मंग लोकं ओरडून राह्यले होते ते कोनाले?"

मी सांगितले की, ते कोणाचे नाव नाही. येळवशीला पूजा झाल्यावर एक जण आंबिलीचे भांडे घेऊन शेताला फेरी घालतो, पिकावर आंबील शिंपडतो आणि "ओलगे ओलगे" अशी आरोळी देतो. मागचे सगळे "सालम पलगे" असे उत्तर देतात. ती पिकासाठी घातलेली आरोळी आहे.

येथे हा जबाब लिहून घेणारे हवालदार श्री. लिंबाजी यांनी लेखणी खाली ठेवली. ते औशाजवळचे आहेत. शुक्रवारी ते स्वतःच्या रानात येळवशीला गेले होते. त्या दिवशी ठाण्यातील या भागातले सर्वच कर्मचारी रजेवर होते. त्यामुळे फिर्याद लिहून घेण्यासाठी नंदुरबारकडचे एक शिपाई तेवढे हजर होते. त्यांनी ऐकले तसे लिहिले. त्यांचा दोष नाही. लिंबाजी यांना काल फक्त "सलाम नावाचा भाजीवाला आणा" एवढेच तोंडी सांगितले होते. ते पाणी पिऊन आले. हसून ओले झालेले डोळे पुसून त्यांनी म्हटले, "सायब, ह्ये आमी आमच्या रानात बी वरडलो. आमच्या आज्ज्यापासनं वरडत आलाव. मला बी आरोपी करा मग." त्यानंतर पुढे लिहिले.

या शब्दांचा अर्थ काय, असे विचारल्यावरून सांगते की, मला नक्की माहीत नाही. शरणम्मा बाहेरच्या ओट्यावर धोंडाबाईसह बसली होती. तिला विचारले असता ती म्हणाली, "होल म्हंजी रान. पल्या म्हंजी भाजी." सालम म्हणजे काय, हे तिला सांगता आले नाही. धोंडाबाईच्या मते ते पांडवांच्या गड्याचे नाव आहे. दोघींचे एकमत झाले नाही आणि आवाज वाढला. शरणम्माचे म्हणणे बरोबर धरल्यास, पोलिसांनी काल एक भाजी धरून आणली आहे आणि ते अजून एका फरार रानाच्या शोधात आहेत.

श्री. भोयर यांनी यावर असे म्हटले की, अर्थ काहीही असो. फिर्यादीप्रमाणे आरोपी क्रमांक एकचा आवाज राकट व पुरुषी होता आणि तेथे पुरुष एकटा तय्यबच होता. आरोळी त्याने दिली असेल तर बेकायदा जमाव जमवणारा तोच ठरतो. तय्यबला बाहेर आणून विचारण्यात आले. त्याने सांगितले, "सायेब, मी जेवून र्‍हायलो होतो. तोंडात उंडा होता. वरडू कसा?" उंडा म्हणजे बाजरीच्या पिठाचा उकडलेला गोळा. आरोळी कोणी दिली, असे त्याला विचारले. तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "मला आठवत न्हाई." त्याला पुन्हा विचारले. त्याने पुन्हा तेच सांगितले. त्याच्या गाड्यावरची मेथी तेव्हा उन्हात होती.

म्हणून मी सांगते की, आरोळी मी दिली. फेरी शेताच्या मालकाने घालायची असते. हे शेत सरकारी आहे. मालक कोण, यावर बायांचा थोडा विचार झाला. धोंडाबाई म्हणाली, "सरकार काय भांडं घिऊन यायचं न्हाई. माती वळखती तीच मालकीण." आंबिलीचे भांडे माझ्या हातात दिले. मी आधी नाही म्हटले. आमच्या घरच्या शेतात ही आरोळी वडील देत असत. तीन वर्षांपासून ते नाहीत आणि शेतही आता आमच्याकडे नाही. हे प्रकरणाशी संबंधित नाही.

श्री. भोयर यांनी यावर विश्वास ठेवला नाही. फिर्यादीत आवाज पुरुषी लिहिलेला आहे, माझा आवाज मी बोलताना ऐकू येत नाही इतका लहान आहे, असे ते म्हणाले. "मॅडम, तुम्ही याले वाचवून राह्यल्या. असं असंन त द्या आवाज, मी ऐकतो." मी म्हटले की, ती आरोळी शेतात द्यायची असते. ते म्हणाले, "इथूनच द्या."

मी उभी राहून आरोळी दिली. ओट्यावरून धोंडाबाई व शरणम्मा यांनी उत्तर दिले. तय्यबने उत्तर दिले. लेखणी हातात असताना लिंबाजी यांनी उत्तर दिले. रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवरूनही उत्तर आले. तेथे कोण होते ते मला माहीत नाही. एक कप फुटल्याचा आवाज आला. नंदुरबारकडचे शिपाई आतून धावत आले आणि म्हणाले, "साहेब, हाच! हाच तो ओलगे!"

श्री. भोयर यांनी तय्यबला सोडण्यास सांगितले. गाडाही आजच द्यावा, मेथीवर पाणी मारून द्यावा, असे सांगितले. दगडांचे काय करायचे, हे लिंबाजी यांनी विचारले. ते धोंडाबाईने न्यावेत असे ठरले. तिने पदर पसरून नेले. तय्यब गाडा ढकलत फाटकाबाहेर गेला. जाताना त्याने कोणाला सलाम केला नाही. कोपऱ्यावर वळण्याआधी थांबला आणि परत येऊन सगळ्यांना एकदम केला. हाजराबी त्याच्या मागून चालत होती. ती त्याला काहीतरी रागावून बोलत होती, पण ते ऐकू आले नाही.

श्री. केळुसकर यांना त्यांची फिर्याद मागे घ्यायची असल्यास मी स्वतः त्यांच्याशी बोलेन. पुढच्या वर्षी त्यांनी बैठकीला न जाता फाटकाच्या आत यावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

हा जबाब हवालदार श्री. लिंबाजी यांनी मला मराठीत मोठ्याने वाचून दाखवला. मी तो शेवटपर्यंत ऐकला. मी सांगितले तसाच तो लिहिलेला आहे, एक जागा सोडून. "आरोपी क्रमांक एकचा आवाज राकट व पुरुषी होता" या वाक्यापुढे लिंबाजी यांनी स्वतःच्या मनाने "परंतु प्रत्यक्षात तसा नाही" असे घातले होते. फिर्यादीत ते नाही आणि मी ते सांगितलेले नाही. म्हणून ते शब्द माझ्या समोर खोडले. ते म्हणाले, "बाई, खरं हाय म्हणून लिवलं." खोडल्याच्या ठिकाणी मी लहान सही केली आहे. बाकी सर्व बरोबर आहे.

सही
महानंदा चं. हालगे